उ

घाटंजी ते पारवा या रस्त्यावर
"आज रोख, उद्या उधार"
मी एकशे चौदा वेळा लिहिलंय.
म्हणजे उ दोनशे अठ्ठावीस.
किराणा, कटिंग, कृषी केंद्र, पंक्चरवाला,
सगळे म्हणतात, उद्या लिहावा तर उकंडा पेंटरनंच.
त्या उ ला मी असं पोट देतो
की जेवून ओट्यावर बसलेला माणूस वाटावा,
कुठं जायची घाई नसलेला.

माझ्या दुकानावर मात्र पाटी नाही.
तीन बाय सहाचा पत्रा आहे,
पांढरा प्रायमर मारलेला,
अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा.
लोक विचारतात. मी म्हणतो, पोळा होऊ दे.
उन्हाळ्यात म्हणतो, पेंटला फोड येतात.
थंडीत म्हणतो, वाळत नाही.
माझी कारणं डब्यांसारखी,
झाकण काढलं की प्रत्येकावर साय.

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती.
अठरा शाळांच्या भिंतींचं काम निघालं होतं,
नमुन्याची एक भिंत रंगवायला मला बोलावलं होतं.
आदल्या रात्री मी माझे चांगले तिन्ही ब्रश
न धुता ठेवून दिले.
विसरलो नाही. रॉकेलची बाटली हाताशी होती.
सकाळी केस काडीसारखे कडक,
भिंतीवर अक्षरं फाटली.
मी साहेबांना ब्रश दाखवला.
"हात चांगला आहे रे तुझा," ते हळहळले,
"ब्रशनं घात केला."
काम वणीच्या माणसाला गेलं.
हात माझ्याकडे राहिला,
न तपासलेला.

पत्र्याचंही तेच.
त्यावर अजून एकही चूक नाही.
त्यावर मी तालुक्यातला सगळ्यात मोठा पेंटर.

चैत्रात शेजारच्या कुमरेबाईनं
न विचारता तो आडवा केला
आणि त्यावर मोहफुलं वाळत घातली.
चार दिवस आंबूस गोड वास, मुंगळ्यांची रांग.
उचलला तेव्हा मधोमध
चहाच्या रंगाचा डाग, ताटाएवढा.
मी ओरडलो.
ती म्हणाली, "अकरा सालं झाले, उभाच हाय.
कामाचा असता त कामाले नसता लागला का?
आन इकडं, देतो पुसून."

पुसून गेला नाही.
रात्री त्या डागाकडे पाहत बसलो
आणि पोटातलं काहीतरी सैल झालं,
लग्नात पहिली पंगत उठल्यावर होतं तसं.
बिघडायचं ते बिघडून चुकलं होतं.

सकाळी ऊन चढायच्या आत
सुताला नीळ लावून रेघ मारली.
ब्रश धुतलेला आहे, हे दोनदा पाहिलं.
डागाच्या डाव्या काठावर टेकवला
तर हात सवयीनं उ कडे वळला,
तोच, पोट सुटलेला, ओट्यावरचा.
पुढं द्या यायचा होता.
हात थांबला.

माझ्या आधीची दोन भावंडं गेली,
म्हणून मायनं मला उकिरड्यावर लोळवलं
आणि हे नाव ठेवलं.
मरणानं ढुंकूनही पाहू नये,
इतकं टाकून दिलेलं नाव.
मी ते कधी पुरतं लिहिलं नाही,
पाट्यांच्या कोपऱ्यात फक्त, उ. पेंटर.

उ नंतर मी क काढला.
त्याची शेपटी डागावर घसरली, वाकडी झाली.
राहू दिली.
अनुस्वार जरा मोठाच पडला.

डा राहिला होता आणि भूक लागली होती.
रस्त्यावरून दुधवाला थांबून वाचत होता,
"उकं... पुढं काय हाये बावा?"
"जेवून येतो," म्हणालो.

मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवला,
बोटांनी केस मोकळे केले,
पुन्हा बुडवला,
फडक्यानं पुसून
सावलीत आडवा ठेवला.